तिकिटावरचा गुराखी

॥ श्री ॥

ब्यूनोस आयर्स,
ता. ११ मार्च १९६२

तीर्थरूप मथुराबाय हिस,

धाकट्या भावाचा, सत्यवानाचा, शि. सा. न. वि. वि. मी इथं खुशाल आहे. तू, तात्या, आपली तांबू गाय आणि परसातला तो वाकडा माड, सगळ्यांची खुशाली कळव.

जहाज इथं आठ दिवस धक्क्याला आहे, गहू भरतायत. आमचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, हळदीच्या पाण्याला आमटी म्हणतो आणि आम्ही ती मुकाट्याने पितो. तुझ्या हातच्या तिरफळं घातलेल्या बांगड्याची आठवण काढायची नाही असं मी ठरवलं आहे, पण जेवायला बसलो की ठरवलेलं राहत नाही.

आता मुद्द्याचं. पाकीट फाडण्याआधी त्यावरचं तिकीट नीट बघ. काल पोस्टात गेलो होतो. जाळीपलीकडच्या बाईने चार नव्या तिकिटांचा संच पुढे सरकवला. त्यावर कोण असेल म्हणतेस? राजा नाही, पुढारी नाही. गुराखी. इथं त्याला गाऊचो म्हणतात. गुराख्यांच्या पोशाखाची, अगदी त्यांच्या पणज्यापासूनच्या, इथल्या सरकारने तिकिटं काढली आहेत. एकावर रुंद काठाची टोपी. एकावर घोड्यावरच्या गड्याची घोंगडी, तिला मधोमध भोक पाडून त्यातून डोकं बाहेर काढायचं. एकावर जुन्या काळचे बूट, घोड्याच्या पायाचं कातडं तसंच चढवलेलं आणि बोटं उघडी. चौथ्यावर कमरेचा पट्टा आणि पाठीमागे खोवलेली सुरी. ती सुरी बघून मला हसू आलं, आपल्याकडे कमरेच्या लाकडी आकडीला कोयती लटकवतात अगदी तशीच. एजंटाचा कारकून सांगत होता की पूर्वी शहरातली माणसं या लोकांना रानटी म्हणून हसत, आणि आता तीच माणसं सणाला मुद्दाम असले कपडे शिवून घेतात.

या पत्रावर मी घोंगडीवाला लावला आहे, कारण त्याचा चेहरा पुरा दिसतो. बाकीचे तीन माझ्यापाशी आहेत.

गावचं टपाल आपल्या पडवीत तात्याच फोडतात, तेव्हा हे तिकीट त्यांच्या हातातून जाणार, ते मी जाणूनच लावलं. चार वर्षं होतील. दुसऱ्यांदा मॅट्रिकला आपटलो त्या दिवशी आपल्या पडवीत टपालाला आलेली पंधरा माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तात्या म्हणाले की तुझ्यान ह्या होवचा नाय, गुरां राखूक जा. शाळामास्तरांच्या तोंडी ते असतंच, असं तू म्हणशील. पण मी मास्तरांचा मुलगा होतो. दुसऱ्या दिवशी मालवणहून बोट धरली ती धरलीच. त्यांनी मला पत्र घातलं नाही आणि मीही त्यांना घातलं नाही.

बाय, मी रागाने लिहीत नाही. ते तिकीट मी तळहातावर ठेवलं आणि मला वाटलं, हे बघून तात्यांना हसू येईल. माझा करार पुढच्या मार्चात संपतो. ते नुसते मिशीत हसले, तरी मी नवा करार न करता घरी येतो. नाही हसले तर मला कळेल काय ते. तेव्हा ते काय म्हणाले, काय केलं, जसंच्या तसं लिही. तिखटमीठ लावू नको, तुझी सवय मला ठाऊक आहे.

लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझा,
सत्यवान


॥ श्री ॥

देवबाग, ता. मालवण,
ता. २४ एप्रिल १९६२

चि. सत्यवान यास,

मथुराचे अ. उ. आ. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळी खुशाल. वाकडा माड अजून वाकडाच आहे, आणि तांबू व्याली, पाडा झाला. तात्या म्हणतात पाडी झाली असती तर बरी.

तुझं पत्र कसं आलं ते आधी ऐक. कुठल्या कुठून समुद्र ओलांडून ते आपल्या पडवीत पोचलं, आणि पडवीतून माजघरात यायला त्याला अर्धा तास लागला. पोस्टमास्तरांनी स्वतःच्या मुलीला हातात पत्र देणं नियमात बसत नाही म्हणे. म्हणून थैली फुटायची, मागच्या बाजूला शिक्का पडायचा, मग टपालवाल्या गणपतने पिशवी खांद्याला लावून पडवीची पायरी उतरायची, घराला वळसा घालून मागच्या दारी यायचं आणि श्रीमती मथुरा अशी हाक मारायची. बिचारा गणपत हाक मारताना माझ्याकडे बघतही नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले त्याला सहा वर्षं झाली, सहा वर्षं हेच चाललंय.

आता तुझ्या गुराख्याची गंमत. तिकडच्या पोस्टाने त्या तिकिटावर शिक्का मारायचा राहिलाच होता. मुंबईत कुणी बघितलं नाही, मालवणातही नाही. पण तात्यांच्या नजरेतून सुटतंय होय? कोरं तिकीट पुढे सोडायचं नाही हा नियम. मी मागच्या खळ्यात काजूच्या बिया फोडत बसले होते, तिथून खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. पाकीट हातात धरून बराच वेळ बसले. मग शाईची गादी उघडली आणि ठप्प ठप्प. मी हातातलं तसंच टाकून उठले, गणपतची हाक पुरी व्हायच्या आत पाकीट ओढून घेतलं, तिथल्या तिथे फोडलं, तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं. आणि मग तिकीट बघते तर काय, तुझ्या गुराख्याच्या तोंडाला काळं.

मी हसून हसून बेजार झाले रे. तिकडच्या सरकारने एवढ्या मानाने घोड्यावर बसवला, आणि देवबागच्या पोस्टमास्तरांनी त्याच्या तोंडाला काळं फासलं. आता धिंड काढायला घोड्याच्या जागी गाढव तेवढं आणायचं राहिलं.

मिशीत हसले का, असं विचारतोस. मिशी पडवीत आणि मी मागच्या दारी, कसं दिसणार? बोलले मात्र काही नाहीत. जेवतानाही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाकीट तेवढं माझ्याकडून मागून घेतलं. कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांना विचारायची आपल्या घरात कुणाला सवय नाही.

कागदावर डाग दिसले तर काजूच्या चिकाचे समज. मालवणच्या व्यापाऱ्याच्या दोन गोणी घेतल्यात, हाताला राख चोळूनही बोटं काळी ती काळीच.

अंगावर गरम कपडा घालत जा. माझ्यावरचा लोभ कमी करू नको, आणि पुढच्या पत्राला टोपीवाला लाव.

तुझी,
मथुरा


॥ श्री ॥

रॉटरडॅम,
ता. २ जुलै १९६२

ती. मथुराबाय हिस,

सत्यवानाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मी खुशाल आहे.

काय ते कळलं. तोंडाला काळं फासायचं तर त्यांना पोस्टाचा शिक्काही चालतो, एवढं मला ठाऊक नव्हतं. तुला हसू आलं याचा राग नाही. तू तिखटमीठ न लावता लिहिलंस, तेच मी मागितलं होतं.

मार्चात करार संपला की मी इथंच पुढचा करार करणार आहे. बाकीची तिकिटं पाठवत नाही. तुझ्या नावाने मुंबईच्या ऑफिसातून पैसे येतील, त्यात तुला लुगडं घे.

लोभ असावा.

सत्यवान


॥ श्री ॥

देवबाग,
ता. ८ नोव्हेंबर १९६२

चि. सत्यवान यास,

मथुराचे अ. उ. आ. वि. वि. ऑगस्टात एक आणि गणपतीत एक, अशी दोन पत्रं घातली. तुझं उत्तर नाही. दिवाळी झाली. पोहे केले, पण गोडे पोहे केले नाहीत, ते तुझ्यासाठीच करायचे असतात.

तिसऱ्यांदा तेच लिहिते. काळं फासलं हे बोलणं माझं, तात्यांचं नव्हे. त्यांनी नियमाने शिक्का मारला आणि तो पडायला नको तिथे पडला, एवढंच झालं. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तूच म्हणाला होतास की तिखटमीठ लावू नको, आणि मी लावलं. आणि तुला ते बिनतिखटाचं वाटलं. यावर आता मी हसू की रडू?

तात्यांना मी काही सांगितलेलं नाही. काय सांगणार? तुमचा मुलगा येणार होता आणि मी त्याला गमतीत परतवला, हे सांगायची माझी छाती होत नाही. पण त्यांना काहीतरी कळलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी थैली येते. पूर्वी ते लाखेचं सील तोडून पत्रं गावाप्रमाणे लावत. आता आधी सगळी पत्रं पालथी घालतात, एकेक उलटतात. आफ्रिकेतून शेजारच्या केळुसकरांचं पाकीट येतं तेव्हा त्यांचा हात थांबतो. तिकीट बघतात आणि बाजूला ठेवतात. मग चष्मा पुसतात. गणपतने ते मला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाला की बाये, तू माझा नाव सांगू नको.

दोन ओळी घाल. शिव्या घाल, पण घाल.

माझ्यावर लोभ नसला तरी तात्यांवर असू दे.

मथुरा


॥ श्री ॥

देवबाग,
ता. १६ मार्च १९६३

चि. सत्यवान यास,

मथुराचे अ. उ. आ. वि. वि. हे पत्र कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर घालते आहे. तुझं जहाज असेल तिथे पोचवा म्हणून वर लिहिलंय. करार संपला असेल, नवा केला असशील. तरी वाच.

तात्यांची आत्या, पेंडूरची राधाबाई, आठ दिवस राहायला आली होती. पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं, पण बोलते भरभरून. तात्यांना दम्याने फार जेर केलंय, म्हणून भेटायला आली. एक दिवस मी परसात तांबूचा पाडा बांधत होते, त्याने दोरी ओढून मला लोळवलं. राधाबाई हसायला लागली आणि म्हणाली की तुझ्या बापाशीन एक नजर टाकली आसती तर गप ऱ्हवलो आसतो, सोळा गुरां एकटो राखी तो.

मला वाटलं म्हातारी भलत्याच कुणाचं सांगते. तर नाही रे. आपले आजोबा गेले तेव्हा तात्या सात वर्षांचे होते. पेंडूरच्या खोतांकडे त्यांना गुराखी म्हणून ठेवलं. बारा वर्षांचे होईपर्यंत ते गुरं राखत होते. पावसात इरलं, थंडीत एक फाटकी कांबळी, कमरेला आकडी आणि पायात काही नाही. वाडीतल्या सगळ्या गुरांच्या राखणीचं त्यांना भात मिळे. पण शाळेच्या गुरुजींची एक कपिला गाय होती, तिच्या राखणीचं ते भात घेत नसत. रोज संध्याकाळी गाय गोठ्यात बांधून झाली की गुरुजींनी त्यांना एक अक्षर द्यायचं. राधाबाई म्हणाली की तो क हे अक्षर घेऊन घरी येई आणि चुलीसमोरच्या राखेत बोटाने काढी, आणि कुणी राख सावरली की रडे.

सत्यवान, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. आईला ठाऊक होतं की नाही देव जाणे. मी दोन दिवस त्यांच्याकडे बघत होते. मग एक गोष्ट ध्यानात आली. गुरां राखूक जा हे मास्तरांच्या तोंडी असतंच, असं तू लिहिलं होतंस. पण तात्यांच्या तोंडी कधी होतं का? आठवून बघ. तीस वर्षं त्यांनी शाळा चालवली. मीही त्याच शाळेत शिकले. शेजारच्या गावचे मास्तर म्हणत, पाटी फोडली की म्हणत, पाढा चुकला की म्हणत. तात्यांनी छडी मारली, कान पिळले, पण ते वाक्य कुणाच्या पोराला कधी म्हटलं नाही. आयुष्यात एकदाच त्यांच्या तोंडून ते गेलं, आणि गेलं ते तुला.

काल धीर करून मी त्यांच्यापुढे तुझं नाव काढलं. म्हटलं, सत्यवानाने ते तिकीट तुमच्यासाठीच लावलं होतं, तुम्हाला हसू यावं म्हणून. ते म्हणाले की त्या देशान गुराख्याक तिकिटार बसवलो, ह्या बरां केल्यानी. आणि थोड्या वेळाने, तो जेवता खंय, हे विचारलं. म्हणजे तू. मी म्हटलं जहाजावर. तर म्हणाले की जहाजार माका ठावक आसा, पण जेवता काय.

मी आत येऊन रडले. आता तू काय ते ठरव. तात्यांना दम लागला की दोन पावलं चालवत नाही, तरी मंगळवार-शुक्रवार उठून पडवीत बसतात.

तुझी,
मथुरा


॥ श्री ॥

ब्यूनोस आयर्स,
ता. ५ जून १९६३

ती. मथुराबाय हिस,

सत्यवानाचा शि. सा. न. वि. वि. पुन्हा त्याच बंदरात आहे. एजंटाने तुझी चारही पत्रं दोरी बांधून एकदम हातात दिली. दिवाळीचं आणि मार्चचं एकाच बैठकीत वाचलं. माझा सोबती विचारत होता की घरी कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही, कोणीतरी मिळालं.

मी कपडे धुवायच्या बादलीवर बसून आठवत होतो. मी पाचवीत असताना तात्यांबरोबर पेंडूरला गेलो होतो. वाटेत एक गाय आडवी आली. मी घाबरून दगड उचलला. तात्यांनी माझा हात धरला, दगड टाकायला लावला, आणि जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. गाय बाजूला झाली. मी विचारलं, हे कुठे शिकलात? ते पुढे चालू लागले. तेव्हाच समजायला हवं होतं.

बाय, तुझा काही दोष नाही. मला रागच करायचा होता आणि तुझ्या थट्टेने मला निमित्त दिलं. काळं फासल्याचं मनातून जात नाही, हेही खरं लिहितो. सहा महिने ते तोंड मला झोपेत दिसायचं. पण आता ते मी त्यांच्यासमोर बसून विचारीन आणि ते सांगतील, शिक्का चुकून पडला. मग आम्ही दोघं हसू.

नवा करार केला होता, कप्तानाच्या हातापाया पडून मोडून घेतला. ऑगस्टात मुंबईला उतरतो, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे घरी.

आजच तात्यांना त्यांच्या नावाने वेगळं पत्र टाकलं आहे. पाच वर्षांत पहिलं. तीर्थरूप लिहिलं आणि पुढे काही सुचेना, चार कागद फाडले. शेवटी अर्धं पान झालं. त्यावर उरलेली तिन्ही तिकिटं ओळीने लावली आहेत, टोपी, बूट आणि पट्टा. हे पत्र तरी त्यांना गणपतच्या हाकेची वाट न बघता मिळेल. थैली फोडतील आणि वरच दिसेल.

त्यांना सांग, मी भात जेवतो. कच्चा असतो, पण जेवतो.

लोभ आहे, वाढू दे. येतोच आहे.

तुझा,
सत्यवान


॥ श्री ॥

देवबाग,
ता. ९ जुलै १९६३

चि. सत्यवान यास,

मथुराचे अनेक आशीर्वाद.

कंपनीला तार केली होती, ती तुला मिळाली असेल. जहाज समुद्रात आहे, पोचवू, असं उत्तर आलं. नसेल मिळाली तर हे बसून वाच. आपले तात्या शुक्रवार, २१ जूनला सकाळी गेले. थैली यायची होती म्हणून अंघोळ करून पडवीत येऊन बसले होते. दम लागला, मी पाणी आणेपर्यंत मान खाली गेली होती. गणपत थैली घेऊन आला तेव्हा मी त्यांना धरून बसले होते. सगळं रीतीने झालं. अग्नी शेजारच्या केळुसकरांच्या मुलाने दिला, तुझ्या नावाने.

तुझी दोन्ही पत्रं २ जुलैला आली. तो बारावा दिवस होता. पोस्टाचं काम सध्या गणपत बघतो. त्याने तात्यांचं पत्र हातात घेतलं आणि पडवीत उभाच राहिला. नंतर पायरी उतरला, वळसा घालून मागच्या दारी आला, आणि हाक कुणाच्या नावाने मारावी ते त्याला कळेना. शेवटी चौकटीवर ठेवून गेला. तिकिटांवर तिकडचे शिक्के व्यवस्थित पडलेत. मी ते फोडलेलं नाही. ज्याने लिहिलं त्यानेच येऊन काय ते करावं.

आता जे लिहिते ते लिहायला मला आठ दिवस लागले.

पोस्टाची पेटी हिशेबाने गणपतच्या ताब्यात द्यायची होती म्हणून आम्ही दोघांनी ती उघडली. शिक्का, शाईची गादी, लाख, वजनकाटा. तळाशी दरांच्या पुस्तकात तुझं ते पाकीट होतं, घोंगडीवाल्याचं. तात्यांनी मागून घेतलं तेव्हापासून मी ते पाहिलं नव्हतं. मी ते उजेडात नेलं.

सत्यवान, शिक्का तोंडावर नाही. तो खाली कोपऱ्यात आहे, गवतावर. देवबाग, २० एप्रिल, अक्षरन् अक्षर वाचता येतं. तिकिटाला जेमतेम टेकलाय, घोड्याच्या खुरालाही लागलेला नाही. गणपत म्हणाला की मास्तरांनी त्या दिवशी शिक्का तीनदा कोऱ्या कागदावर मारून बघितला होता, हात हलू नये म्हणून.

तोंडावर काळं आहे ते शाईचं नाही. ते तपकिरी आहे आणि त्यात अंगठ्याच्या रेघा आहेत. तसाच अंगठा पाकिटाच्या मागे आहे, जिथून मी ते घाईने फाडलं. काजूचा चीक तो. मी हात न पुसता उठले होते. मीच ते पाकीट गुराख्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरलं, आणि मग तेच बघून हसत सुटले, आणि तुला लिहिलं की तात्यांनी काळं फासलं. तुझ्या गुराख्याच्या तोंडाला काळं मी फासलं रे. त्यांनी नाही.

अजून एक आहे, तेही लिहिते. त्या डागाभोवती तिकिटाचा रंग उडालाय, कागद खरखरीत झालाय. मी गणपतला विचारलं. तो आधी सांगेना. मग म्हणाला की मास्तरांनी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून वाटीत रॉकेल मागून घेतलं होतं, आणि कापसाच्या बोळ्याने दुपारभर ते तोंड पुसत बसले होते. चीक निघाला नाही. जोर केला तर चेहराच जाईल म्हणून थांबले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझा अंगठा त्यांनी ओळखला असणारच, दोन गोणी काजू मी त्यांच्या डोळ्यांसमोर फोडले होते.

मार्चात मी त्यांच्यापुढे तुझं नाव काढलं तेव्हा मी हेही सांगायला हवं होतं, की तुमच्या शिक्क्यावरून मी काय लिहिलं आणि तो का येत नाही. त्याच क्षणी त्यांनी पाकीट काढून दाखवलं असतं. मी त्याच दिवशी तुला तार केली असती आणि तू ते असताना आला असतास. मी घाबरले आणि गप्प बसले. तू त्यांच्यासमोर बसून जे विचारणार होतास, त्याचं उत्तर आता हे असं माझ्याकडून आलं.

तिकीट परत दरांच्या पुस्तकात ठेवलंय. तुला बघायला हवं. तांबू बरी आहे, पाडा मोठा झालाय, माझं ऐकत नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं, हे तात्यांनी मला पाटीवर गिरवून शिकवलं. आजवर प्रत्येक पत्रात लिहीत आले, हात आपोआप लिहायचा. आज रीत म्हणून लिहीत नाही, तुला विचारते आहे. लोभ आहे का, ते कळव. नसला तरी घरी ये.

तुझी बहीण,
मथुरा